राखून ठेवलेला डाव

नाणेफेक झाली आणि शिट्टी वाजायच्या आत सतीश सरळ रोहिदासच्या पाया पडायला आला.

"आरं, ही काय कुस्ती हाय व्हय?" कडेवरून कुणीतरी ओरडलं. माणसं हसली. पण दौंडच्या संघाचा हा बावीस वर्षांचा दहा नंबर, आखाड्यात वस्तादापुढं वाकावं तसा नीट वाकला. "तुमचे समदे व्हिडिओ पाठ हायेत मला, दादा," तो म्हणाला. "तुमच्याकडं बघूनच शिकलोय."

रोहिदासनं त्याला खांद्याला धरून उठवलं, पाठीवर थाप मारली आणि तेवढ्यात त्याचा उजवा गुडघा बघून ठेवला. त्यावर जाड पांढरी पट्टी होती. म्हणजे कच्चं तिथं होतं.

रोहिदासचा, म्हणजे शिरूरचा संघ उतरवणाऱ्या आनंदरावांनी सकाळीच बजावलं होतं, "हाफटाइमनंतर त्यो दहा नंबर मैदानात दिसता कामा न्हाई." ते सांगायची गरजच नव्हती. फुटबॉलच्या चौदा वर्षांत रोहिदासनं दुसरं केलं तरी काय होतं! मडगाव, कोलकाता, शिलाँग, जालंधर. अकरा क्लब झाले. मैदानाच्या मध्यात उभं राहायचं आणि समोरचा जो चांगला खेळेल त्याला लंगडा करायचा. ज्या गावात गेला तिथल्या कुणाचं तरी काहीतरी मोडून आला. गोल म्हणाल तर दोन.

आज मात्र त्याच्याच गळ्याशी आलं होतं. पस्तिशीतला रोहिदास अजून नव्वद मिनिटं टिकतो का, ते कोळिकोडच्या एका क्लबला बघायचं होतं. आनंदरावांचा पुतण्या सगळा सामना मोबाईलवर घेत होता. टिकला तर आणखी एक मोसम. नाहीतर केंदूरला भावाच्या रानात कांदे काढायला.

पाचव्या मिनिटाला सतीशच्या पायात चेंडू आला. रोहिदास बुटाच्या खिळ्यांसकट त्या पट्टीवर गेला. पोरगं हवेत उडालं आणि तोंडावर आपटलं. पंचानं पिवळं कार्ड दाखवलं. रोहिदासनं हात जोडले, सतीशला उठवलं, वर त्याच्या अंगावरची मातीही झटकली.

पुढचं सगळं पंचाच्या पाठीमागं झालं. कॉर्नरच्या गर्दीत रोहिदासचं कोपर सतीशच्या तोंडावर बसलं. सतीशनं रक्ताची गुळणी टाकली, तिच्यात दात होता. मग पुन्हा गुडघा. मग पुन्हा. दरवेळी सतीश चार पावलं लंगडायचा आणि पळायला लागायचा.

दौंडचा बॅक मच्छिंद्रही काही संत नव्हता. त्यानं रोहिदासच्या उजव्या गुडघ्यावर, बरोब्बर पट्टीवर, लाथ घातली. रोहिदास कळवळून लोळला आणि हाताच्या आड हसला. त्याचा कामातून गेलेला गुडघा डावा होता, दोनदा कापलेला. पट्टी बांधली होती उजव्याला. कोलकात्यातल्या एका म्हाताऱ्या खेळाडूची ही युक्ती. लोक पट्टी बघून मारतात, तर मारू देत चांगल्या गुडघ्यावर. या एका युक्तीवर रोहिदासनं सहा मोसम काढले होते.

केंदूरच्या तालमीत वस्ताद मारुतरावआप्पा सांगायचे, चेल्याला सगळं शिकवावं, एक डाव मात्र राखून ठेवावा. रोहिदासला कधी चेलाच नव्हता. मग राखायचं तरी कुणापासून?

"मोडत का न्हाई रं त्यो?" हाफटाइमला आनंदराव कडाडले.

"मोडंल. लोखंडाचा न्हाई," रोहिदास म्हणाला. पण पाणी पिताना तो पलीकडं सतीशलाच बघत होता. एवढ्या माराला जालंधरचा गडी चार खांद्यांवरून गेला असता. हे पोरगं उठतंय कसं, हे त्याला समजेना, आणि जे समजत नव्हतं त्याची त्याला भीती वाटली.

एकाहत्तराव्या मिनिटाला चेंडू रोहिदासकडे आला. चेंडू पुढे सारताना त्याला सतीश दिसला. सतीश चेंडूकडे बघतच नव्हता. तो बाजूनं जमिनीसरशी घसरत आला, दोन्ही पाय एकत्र, आणि रोहिदासच्या डाव्या गुडघ्यात घुसला. उघड्या गुडघ्यात. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. आवाज आधी, कळ मागून. रोहिदास गुरासारखा ओरडला.

पंचानं लाल कार्ड काढलं. सतीशनं हुज्जत घातली नाही. तो सरळ चालत आला, गुडघे टेकले आणि रोहिदासच्या उजव्या पायाला हात लावून नमस्कार केला. डावा पाय नमस्कार करण्यासारखा राहिला नव्हता.

"पट्टी... उजव्याला व्हती," रोहिदासच्या तोंडून कसंबसं आलं. "तुला कुनी सांगितलं?"

"तुमीच की, दादा. यवतच्या ढाब्यावर तुमची मुलाखत घेतलेली, त्यात. पट्टी कवाबी चांगल्या गुडघ्याला बांधायची, म्हनून हसला व्हता तुमी. मी बघताबघता लिवून घेतलं."

रोहिदासची नजर सतीशच्या उजव्या गुडघ्याकडे गेली. पट्टी फाटून लोंबत होती, रक्तानं माखली होती, आणि सतीश त्याच गुडघ्यावर जोर देऊन उठत होता. तासभर आपण कुठं मारत होतो, ते रोहिदासला आत्ता कळलं.

"मग तुझं दुखरं कुठलं रं?"

आनंदरावांचा पुतण्या मोबाईल धरून अगदी जवळ आला होता. सतीशनं एकदा त्या मोबाईलकडे बघितलं, आणि रक्ताळलेल्या तोंडानं हसला.

"ते न्हाई सांगायचं, दादा."