सरळ रेघ

“रेघा कशा दिसतात?”

“सरळ.”

कपाटाच्या दारावर डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद चिकटवला होता. नवरा रोज सकाळी डावा डोळा झाकून त्यापुढे उभा राहायचा आणि बायको विचारायची. तो पाट्या रंगवायचा. लस घेतल्यावर आठवड्याभरात त्याला उजव्या डोळ्याने रेघा मधोमध वाकलेल्या दिसू लागल्या. डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती.

“लाखात एखाद्याला होतं,” डॉक्टर म्हणाले होते, “आणि लसीमुळेच झालं, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. वाट बघायची.”

बायको लसीकरण केंद्रात नर्स होती. हा सहा फुटी गडी सुईला भ्यायचा, म्हणून तिने त्याच्यासमोर आधी स्वतः टोचून घेतलं आणि मग आपल्या हाताने त्याला टोचलं. ते आठवलं की ती स्वतःलाच दोष द्यायची. हल्ली रडून रडून तिचेही डोळे चुरचुरायचे, सुईत दोरा ओवायला चार खेपा लागायच्या.

पंधरा दिवस झाले, तो रोज ‘सरळ’ म्हणत होता. तिचा विश्वास बसत नव्हता. तिला वाईट वाटू नये म्हणून खारट भाजीसुद्धा बोटं चाटत खाणारा माणूस तो.

आज शाळेच्या एका खोलीसाठी रंगवलेली हातभर पाटी वाळत होती. अक्षरांखालची लाल रेघ त्याने दोरी न मारता, नुसत्या हाताने ओढली होती. ती त्याची जुनी मिजास. तिने वाकून पाहिलं. रेघ मधोमध चक्क खाली झुकली होती.

“जमलीय ना?” त्याने विचारलं.

“छान जमलीय,” ती म्हणाली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली. तिच्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

दुपारी तपासणीला जाताना तिने ती पाटी गुपचूप पिशवीत घातली.

डॉक्टरांनी त्याचा डोळा बराच वेळ पाहिला. “सूज पार उतरली. पडदा स्वच्छ आहे.”

“मग ही रेघ अशी कशी?” तिने विचारलं. तिने पाटी टेबलावर ठेवली. “हा मला जपतोय, डॉक्टर. खरं सांगत नाही.”

डॉक्टरांनी खणातून पट्टी काढून रेघेला लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ पट्टीला तंतोतंत चिकटून होती. नवरा पाटीकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

“सिस्टर,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “या खुर्चीत जरा तुम्ही बसता?”