धुरा कोणाचा?

"धुऱ्याले हात लावायचा नाही, वहिनी! कोर्टात केस चालू हाय."

मनोहरराव आडवे उभे राहिले तशी मनकर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला विळा तिने कसाबसा आवरला. खापा गावाजवळच्या त्या दोन शेतांमधला धुरा म्हणजे हातभर रुंद मातीची पट्टी. त्या पट्टीपायी मनकर्णाचा नवरा भांडत भांडत गेला आणि हा चुलतदीर अजून भांडतच होता. निकाल लागेपर्यंत कोणी तिथे पाय ठेवायचा नाही, असं ठरलेलं. गाजरगवताला हे कोणी सांगितलं नव्हतं. ते कमरेएवढं वाढून पांढरंफेक फुललं होतं, आणि धुऱ्यालगतची तिची कपाशीची पऱ्हाटी चट्टे पडून करपत चालली होती. मागचं अर्धं शेत तेवढं हिरवं होतं. ते तरी वाचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने नागपूरहून कृषी अधिकारी वैभवी मॅडमना बोलावून आणलं. ज्यांची कपाशी करपत होती ते आजूबाजूचे शेतकरीही जमले. मॅडमनी गवताचं फूल तळहातावर झटकलं. बारीक बारीक किडे वळवळले.

"कपाशी करपवणारा व्हायरस या गवतात असतो. हे फुलकिडे गवताचे पराग अंगावर घेऊन कपाशीवर जातात. गवत उपटून गाडा, नाहीतर राहिलेली शेतंही जातील."

एकच गलका झाला. "धुरा कोणाचा हाय हा? आमचं नुकसान कोण भरून देईन?"

मनोहरराव चटकन मागे सरकले. "माहा नाही गा! वहिनीचा हाय. पह्यलेपासून वहिनीचाच!"

ज्या मातीसाठी या माणसाने तिच्या नवऱ्याला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या, ती त्याने एका दमात झटकून टाकली. हे ऐकायला नवरा हवा होता, असं वाटून मनकर्णाला रडू आलं. ते तिने गिळलं.

"ऐकलं ना सगळ्यांनी?"

पदर खोचून ती गवतात घुसली. जमलेल्यांतल्या बायाही मागोमाग शिरल्या. शेवटचा भारा खड्ड्यात पडून वर माती पडेपर्यंत ती थांबली नाही. मग माखल्या हातांनीच मनोहररावांसमोर जाऊन उभी राहिली.

"घ्या भाऊजी, तुमचा धुरा. सांगा वकिलाले. मले तो आजच्या दिवसापुरताच पाहिजे होता."