जात्याची तळी

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आटोपली की धुरपदाबाईचा नवरा छपरावर चढायचा, एकेक पत्रा हलवून बघायचा आणि जुन्या जात्याची तळी, खालचा जड दगड, वाऱ्याच्या बाजूला दाबून ठेवायचा. तो वारल्यावर यंदा तिने भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या धाकट्या दिराला, पितांबरला, चढवलं. हात झटकत उतरून तो म्हणाला, “बठ्ठं देखी लिधं, वहिनी. छप्पर पक्कं शे.” त्याच आठवड्यात वादळाने केळीबागा झोपवल्या, तिचे पत्रे पाचोळ्यासारखे उडवले. पितांबरचं छप्पर मात्र जागचं हललं नाही. “वारापुढे कोनं काय चालस!” म्हणत तो भिजलेली गोधडी पिळू लागला. तिची नजर त्याच्या पत्र्यांवर गेली. तिथे तीच तळी होती, लहानपणी त्यानेच पाडून कडेचा टवका उडवलेली. त्याच जात्याच्या पिठावर तिने या आईविना पोराला वाढवलं होतं. तिने गोधडी ओढून घेतली. “पितांबर, तळी उचलताना हात नही ना दुखनात?”