बंडूजींचा पहारा

या मायबाप, सतरंजीवर जरा पुढं सरका. एका वीणेची आणि एका मोटारीची गोष्ट सांगतो.

आंजीचे बंडूजी कठड्याला छाती टेकून उभे होते. समोरच्या ट्रॅकवर स्पोर्ट्स कार सकाळपासून गरगरत होत्या. पिवळी गाडी त्यांच्या लेकीची, आचलची, आणि तिचा शर्यतीतला जोडीदार प्रफुल याची. आचलनं घरीच समजावलं होतं, "बाबा, दिवस बुडेपर्यंत गाडी पळत राह्यली पाह्यजे. चालवणारा बदलते, गाडी नाई."

बंडूजींना लगेच उमगलं. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. तिथंही वीणेकरी बदलतो, पण वीणा खाली टेकली की सप्ताह मोडला. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, मग ती गळ्यात घालायची. वीणा घेऊन उभं राहायचा आजचा आपला पहारा ते गावातल्या तानबाकडे सोपवून आले होते. त्यांची बायको सुलोचनाबाई म्हणाल्या होत्या, "मी उभी राह्यते ना!" त्यावर बंडूजी हसले होते, "मंग भंडाऱ्याच्या पोळ्या का मी लाटू?"

पिवळी गाडी चालवणारा बदलायला आत आली. प्रफुल उतरला. आचल हेल्मेटसकट वाकली, त्याच्या पायाला हात लावला आणि मगच आत बसली. लोक खो खो हसले.

"शर्यतीले आली का कीर्तनाले?" कठड्याशी शेजारी उभा असलेला कैलास नावाचा एक जण म्हणाला. बाप जवळच उभा आहे, हे त्याला काय ठाऊक! "पोरीच्या हाती देली गाडी. गेली आता, काकाजी."

"काऊन जाईन?" बंडूजी तडकले. "गाडीले का समजते, हात बाईचा हाय का बुवाचा?"

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तानबा कण्हत होता, "भाऊ, माही कंबर धरली जी. उभं राहवत नाई. मांडवात दुसरं कोणीच नाई. वहिनी हात पुढं करून उभ्या हायेत. देऊ का, का ठेवू खाली?"

बंडूजींनी ट्रॅककडे पाहिलं. पिवळी गाडी गर्जत समोरून गेली.

"दे," ते म्हणाले.

गाडी पहिली आली नाही. पण थांबलीही नाही.

दिवस बुडाल्यावर गावी परतलेले बंडूजी पायही न धुता मांडवाकडे निघाले, मग आठवण होऊन नळावर धुऊन आले. सुलोचनाबाई उभ्याच होत्या. पदर खोचलेला, मनगटावर वाळलेली कणीक, गळ्यात वीणा.

"घ्याले लय जण आले," खांबाला टेकलेला तानबा पुटपुटला. "वहिनीनं कोणाले देलीच नाई."

"पोरगी सुखरूप उतरली ना?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"उतरली."

"मंग घ्या आता. पाय भरून आले माहे."

सगळ्या गावादेखत बंडूजी वाकले. कपाळ तिच्या पायांवर टेकलं. वीणा टेकली नाही.

तुमच्या गावी सप्ताह बसला आणि वीणेला हात जोडलेत, तर आमच्या सुलोचनाबाईंची तेवढी याद ठेवा.