वीणा कोण घेणार?

कुंडलिकांचा पहारा, म्हणजे वीणा धरायची पाळी, संपून बराच वेळ झाला होता आणि वीणा अजून त्यांच्याच गळ्यात होती. पुढचा पहारा सावळेरामचा. सावळेराम कुठंच दिसत नव्हता.

पिंपरी पेंढारच्या सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. ती गळ्यात असली की बसायचं नाही, नाम थांबवायचं नाही. दुसरा माणूस पुढं येतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात. लहान कोण, मोठा कोण, कुणाचं कुणाशी वाकडं, हे त्या घडीला कुणी बघत नाही.

मंडपाच्या कडेला दुपारची पंगत बसत होती. आमटीच्या कढईपाशी बायका भाकरी थापत होत्या, आणि बोलणं चाललं होतं वृषालीच्या कादंबरीवर. वृषाली कुंडलिकांची लेक. तिची कादंबरी दर शुक्रवारी साप्ताहिकात येत होती. टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा, एकमेकांविरुद्ध गाणारे मुलगा-मुलगी, घराघरातून मोबाइलवरून येणारी मतं, आणि मतांची वाट बघता बघता जडलेलं प्रेम. छापून आलेल्या शेवटच्या भागात मुलीच्या बापाला अचानक स्टेजवर आणतात. समोर तो मुलगा उभा. कादंबरी नेमकी तिथंच अडली होती. पुण्याहून संपादकांचे फोनावर फोन येत होते.

“त्या बापाला झटका आण की,” सोनीबाई म्हणाली. “दवाखान्यात समदे बाप मऊ व्हत्यात.”

“नको आत्या. त्याला होय म्हणायला लावते, तर ते खोटंच वाटतं. कितीदा लिहून फाडलं.”

“वाटणारच. बाप तुझाच हाय ना त्यो!”

बायका हसल्या. वृषालीही हसली, पण तिचे डोळे मंडपाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं टाळकऱ्यांत कळंबचा समर्थ बसला होता. संध्याकाळच्या कीर्तनात चाल धरायला सावळेरामनंच त्याला बोलावलं होतं. समर्थ मागं उभा असला की बुवांनाही चढ येतो, असं सगळे म्हणत.

हा समर्थ खरोखरच टीव्हीवर गाऊन आला होता. कळंबकरांनी मेसेज करून करून रिचार्ज संपवले, तरी तो मधेच बाहेर पडला आणि चमचमत्या कोटात सगळ्यांदेखत रडला. पुढं त्याचं आणि वृषालीचं जमलं. घरी मागणी आली, तेव्हा कुंडलिकांनी एका वाक्यात विषय मिटवला. “ज्याला अख्ख्या महाराष्ट्रानं घरी धाडला, त्याला मी घरात घिऊ?” त्यानंतर वृषालीनं दुसरं स्थळ बघितलं नाही, आणि बापानंही सुचवलं नाही. दोघांनी तो विषय काढायचाच नाही, असं जणू ठरूनच गेलं.

कुंडलिक आता या पायावरून त्या पायावर भार टाकत होते. वृषाली पिठाच्या हातानंच पुढं आली.

“आण्णा, कुणाला तरी हाक मारते.”

“वाढू दे लोकान्ला. मी हाय.”

म्हातारे भिकातात्या काठी टेकत उठले. “आण रं इकडं ती वीणा.”

“तात्या, तुमचं पाय सुजल्यात. बसा.”

“मंग तू काय हितंच मूळ धरतो का?”

कुंडलिकांचं नाम चालू राहिलं. समर्थनं जरा इकडंतिकडं पाहिलं, टाळ खाली ठेवले, आणि तो उठून त्यांच्यासमोर आला.

“काका, मी घेऊ का?”

भाकरी थापणारे हात थांबले. आमटी वाढणारा पळी तशीच धरून उभा राहिला. कुंडलिकांनी समर्थला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“गळ्यात माळ हाय का?”

समर्थनं कॉलरच्या आत हात घालून तुळशीची माळ बाहेर काढली. “हाय. टीव्हीवाल्यांनी आत सारायला लावली व्हती. पण काढली न्हाई.”

“आन् रडलास कशापायी?”

“हरलो म्हणून न्हाई, काका. समोर आई बसली व्हती.”

कुंडलिकांनी वीणा उतरवली आणि त्याच्या गळ्यात घातली. दोरी नीट केली. कपाळाला बुक्का लावला. समर्थ वाकला. मग कुंडलिक वाकले. दोन्ही हात त्यांनी पोराच्या पायांवर ठेवले, त्यावर कपाळ टेकलं, आणि उठले ते थेट मिठी मारूनच. वीणा मधे आली, तारा झणकल्या. भिकातात्यांनी ‘पुंडलिक वरदे’ म्हटलं आणि भरल्या तोंडानं सगळ्या पंगतीनं गजर उचलला.

“पोरी,” उपरण्यानं डोळे पुसत कुंडलिक म्हणाले, “याचं ताट झाकून ठिव. आन् याच्या आईला सांगावा धाड. उद्या काल्याला येऊ द्या, मंग घरी बसून बोलू.”

वृषाली ताट आणायला वळली. सोनीबाईनं तिला पिठाच्या हातांसकट जवळ ओढलं.

एवढ्यात देवळामागून सावळेराम आला. निवांत, सुपारी चघळत. सोनीबाई त्याच्यावर धावलीच.

“मेल्या, आण्णा उभ्यानं वाळलं की! कुठं उलथला व्हतास?”

“मला कशाला शिव्या देता, राव?” सावळेराम म्हणाला. “आण्णा दर शुक्रवारी माझ्या सलूनात येत्यात. दाढी ऱ्हाती बाजूला, ती कादंबरी वाचत बसत्यात. ह्या शुक्रवारी मला म्हणलं, ‘पोरीचं शेवटचं प्रकरण माझ्यापायी अडलंय. तू पहाऱ्याला येऊ नको, आन् कळंबच्या त्या पोराला तेवढं कीर्तनाला बोलव.’”