झुंबरे सगळे आपलेच

सुग्रीवराव झुंबऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि भगवानराव झुंबऱ्यांच्या डोक्याकडं टक लावली. केस जेमतेम उगवले होते.

"पाव्हणं, आमच्या मायच्या दहाव्याला टक्कल करून पुढं बसलते, ते तुमीच की!"

चिवड्याच्या बशा घेऊन आलेली वर्षाराणी दारातच थबकली.

झालं. सुतक धरलं म्हणजे भावकी. भावकी म्हणजे सुग्रीवरावांचा अभिमन्यू तिचा भाऊ. आणि हा भाऊ तिला बीडच्या कॉलेजात भेटला होता. रोज. भावासारखा अजिबात नाही!

भगवानरावांची, म्हणजे तिच्या आप्पांची, ही जुनी खोड. वडवणीत केबल आली तशी बळावली. बातम्या देणारी झुंबरे बाई? आपलीच. पुण्यातला झुंबरे चौक? आपल्याच चुलत्याच्या नावाचा. सोलापूरकडं झुंबरेवाडी नावाचं स्टेशन आहे. तिथं गाडी थांबत नाही. तेही आपलंच!

नेकनूरचे सभापती झुंबरे हे सुग्रीवरावांचे थोरले भाऊ. त्यांची आई गेल्याचं कळलं, तर आप्पा एसटीनं गेले आणि अनोळखी म्हातारीसाठी डोकं भादरून आले.

"आडनाव एक, पण भावकी न्हाई, असं पोरगं म्हणलं म्हणून आलतो," सुग्रीवराव उठायला लागले. "आता कशाची सोयरीक?"



वर्षाराणीची आई, रुक्मिणीबाई, आतून थेट बैठकीत आल्या. "ह्यांचं डोकं सुतकात होतं. माझं देवघर न्हवतं. रोज दिवा लावला, पुरणाचा निवद दाखवला. ह्यांनी दोन पोळ्या हाणल्या, तुपासंगं! इचारा."

सगळे आप्पांकडं. आप्पा वर्षाराणीकडं. तिचे डोळे भरलेले.

आप्पांनी टोपी उचलली. घातली. काढली.

"न्हाई भावकी," आप्पा पुटपुटले. "तुमच्या मायला मी कदी बघितलंबी न्हवतं. सभापतीसंगं फोटोत यायचं होतं."

मग सुग्रीवराव हसले. असे हसले, की चिवडा सतरंजीवर, चहा धोतरावर, आणि वर्षाराणी एका उडीत स्वयंपाकघरात.

आप्पा तोवर उंबऱ्यावर उभे राहून समोरच्या सटवाला, म्हणजे अख्ख्या गल्लीला, ओरडून सांगत होते, "सटवा, ऐक बे! नेकनूरचे सभापती आपले कुणीच न्हाईत! सोयरे व्हायलेत!"