सहाचा मिस्ड कॉल

शारजातल्या त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक लाल गाडी तीन महिने धूळ खात उभी आहे. मालक चावी आतच ठेवून मायदेशी निघून गेला. काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने 'खलास' लिहिलंय.

ससाण्याच्या शेपटीला बांधायचा ट्रान्समीटर पाच ग्रॅमचा असतो. ससाणा कुठेही जाऊन बसो, रिसीव्हरवर टिकटिक येत राहते.

डोंबिवलीत, कुशल-शुभ्राच्या लग्नाआधी, एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो. लागोपाठ तीन म्हणजे आठवण येते.

जॅकलीन वसईची. कुशलला अरे-तुरे करते. अरबाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, ऑफिसातल्या चाळीस माणसांतली मंदीत अकरा उरली, त्यांत कुशल आणि ती.

"कन्स्ट्रक्शनचा इंजिनिअर आणि ससाण्यांच्या शिकारीला?" शुभ्राने विचारलं.

"साइट बंद आहे. अरबाब म्हणतो कॅम्प सांभाळ, तर सांभाळायचा. नाहीतर उरतील दहा." कुशलने सॅटेलाइट फोन दाखवला. "हे बघ. लिवाच्या पुढे वाळवंटात मोबाइल लागत नाही. एक दाबलं की तू. रोज संध्याकाळी सहाला एक मिस्ड कॉल. आला म्हणजे मी ठीक."

"आणि दोन?"

"जॅकलीन. अडलो तरच. तिला मिस्ड कॉल गेला की ती गाडी पाठवणार. कुठल्या दिवशी कुठे असणार, तो कागद तिच्याकडे आहे."

"तिलाही एकदाच?"

"एकदाच पुरे. आणि कुणीच उचलायचं नाही. बोलण्यात बॅटरी जाते."

"म्हणजे अडलास की तिची आठवण."

"गाडीची आठवण. चाव्या तिच्याकडे असतात."

"मग रोज अडशील."

कुशल हसला. टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याची बॅग भरून तयार होती. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, जाड स्वेटर. चार्ज झालेला फोनही शुभ्राने वरच्या कप्प्यात ठेवला होता.

गुरुवार. सहा वाजता एक.

शुक्रवार. सहा वाजून दोन मिनिटांनी एक. शुभ्रा घड्याळाकडे बघत होती.

शनिवारी सहाला एक, आणि मग जॅकलीनचा फोन.

"वहिनी, अरबाब परत आले. एक ससाणा हरवलाय, ट्रान्समीटरसकट. कुशल आणि ड्रायव्हर हमदुल्ला शोधायला मागे राहिलेत. दोन-तीन दिवस जास्त लागतील."

"मला नाही बोलला तो."

"मलाही नाही. अरबाबनी सांगितलं."

"असं का," शुभ्रा म्हणाली.

रविवारी सकाळी अकरा चाळीसला मोबाइल वाजला. दोन रिंग झाल्या आणि थांबला.

अकरा पंचावन्नला पुन्हा. बारा दहाला पुन्हा.

तीन.

शुभ्रा पोळ्या करत होती. तवा तसाच तापत राहिला. तिने गॅस बंद केला आणि खुर्चीत बसली.

दुपारी चार आले. सहा वाजता मात्र काहीच नाही. साडेसहा झाले, सात झाले. मग पावणेआठला परत तेच, तीन.

"बाबांचा फोन?" ईशानीने वहीतून मान वर केली. ती नऊ वर्षांची. "ममा, व्हाय आर यू नॉट पिकिंग अप?"

"उचलायचा नसतो."

"बट ही इज कॉलिंग सो मेनी टाइम्स."

"आठवण येतेय त्यांना."

"सो स्वीट," ईशानी म्हणाली.

शुभ्राने तिच्या ताटात भाजी वाढली. इतकी वाढली की ताटाबाहेर सांडली.

सोमवारी सकाळी पाच आले. ती मोजत होती. कॅलेंडरवर सोमवारच्या चौकटीत तिने पाच रेघा मारल्या होत्या, रविवारच्या चौकटीत दहा.

दुपारी जॅकलीनने पुन्हा फोन केला.

"वहिनी, कुशलचा मिस्ड कॉल येतो ना?"

"येतायत."

"येतायत ना? बास. काल वारा फार होता तिकडे, म्हणून जरा धाकधूक वाटली. मी गाडी काढायलाच सांगणार होते."

"तुला नाही आला?" शुभ्राने विचारलं.

"मला कुठला येतोय? मला न आलेलाच बरा, वहिनी."

"हो. तुला नाहीच येणार."

जॅकलीन हसली. "चला, ठीक आहेत म्हणजे दोघं. आला की सांगा त्याला, माझ्यासाठी दशम्या उरवून आण म्हणावं. मागच्या खेपेला साइटवर सगळ्या एकट्याने खाल्ल्या."

"मागच्या खेपेला," शुभ्रा म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळपासून काही आलं नाही. दुपारी ईशानी शाळेत असताना मोबाइल वाजला. या वेळी तो दोन रिंगांवर थांबला नाही. वाजतच राहिला.

शुभ्राने उचलला. कानाला लावून धरला.

वारा होता. वाऱ्यामागे कुणीतरी श्वास घेत होतं.

"जॅकलीन," कुशल म्हणाला.

अगदी हळू म्हणाला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण इतक्या हळव्या आवाजात त्याने शुभ्राला कधी हाक मारली नव्हती.

मग फोन कट झाला.

शुभ्राने कॅलेंडरवर आणखी एक रेघ मारली, मोबाइल बंद केला आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिला.

गेल्या बुधवारी संध्याकाळी, निघण्याआधी कुशल आंघोळीला गेला होता तेव्हा, तिने सॅटेलाइट फोनमध्ये दोनच्या बटणावर जॅकलीनचं नाव तसंच ठेवून नंबर स्वतःचा टाकला होता.